साडेपाच महिन्यांचा प्रवासी

नांदेड
दि. २४ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. आत्याबाई यांसी,
सुनेचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून दचकू नका. सगळे बरे आहेत. काल फोनवर मी म्हणाले, शिवांशला पार्कला न्यायचं चाललंय, आणि तुम्ही ऐकलंत पार्सल. मग पोराला कुठं पार्सल करून राहिले तुम्ही, म्हणून जे ओरडलात, ते ह्यांनी फोन हातभर लांब धरला तरी शेजारच्यांना ऐकू गेलं. तुमचं कानाचं यंत्र कानात कमी आणि कपाटात जास्त असतं, हे मामंजींनी मला सांगितलंय. म्हणून आता कागद घेतला. चष्मा लावून निवांत वाचा.

झालंय असं, की ह्यांच्या रेल्वे ऑफिसातली तीन कुटुंबं डिसेंबरअखेर हैदराबादला निघालीत. तिथं शहराबाहेर मोठं पार्क आहे. पाळणे, पाण्याचे धबधबे, खोटे डोंगर, मिरवणुका, दोन दिवसांतही बघून होत नाही म्हणे. ह्यांनी मला न विचारता आपली नावं दिली. तिघांची! शिवांश तेव्हा साडेपाच महिन्यांचा असेल. जे बाळ दीड महिना आधी जन्मलं, सव्वीस दिवस काचेच्या पेटीत राहिलं, त्याला त्या गर्दीत न्यायचं? मी त्याला अजून गच्चीवरही नेलेलं नाही. दवाखाना सोडला तर आम्ही दोघं फाटकाबाहेर पडलो नाही. त्याचं दूध, शी, झोप सगळं मी वहीत लिहून ठेवते. कुणी आलं की आधी हात धुवायला लावते. लोक हसतात, हसू देत.

तुम्हाला एक विनंती आहे. ह्यांना तुम्ही कडक शब्दांत नको म्हणून कळवा. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. आईनं मोडता घातला की प्रश्नच मिटला.

मामंजींना नमस्कार सांगा. नवी तूर यायला लागली असेल, त्यांना डाळमिलमधून घरी यायला उशीर होत असेल. तुमच्या गुडघ्यांना जपा.

मायेनं पाठीशी राहा, ही विनंती.
तुमची
स्वप्नाली


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर
ता. २९ नोव्हेंबर

चि. सौ. स्वप्नालीस,
बसम्माचा अ. उ. आ. शरणु शरणार्थी.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमननं दिलं तवा मामंजी म्हणाले, कुणाची लग्नपत्रिका आली बघ. मी म्हणलं, सुनेचं पत्र हाय, तुम्हाला कधी आलंय का असं? 

यंत्राचं म्हणशील तर ते कानात घातलं की शिट्टी वाजवतंय. कुकर झाला म्हणून मी दोनदा गॅस बंद करून आले. डाळ कच्ची ऱ्हायली आणि बोलणी मी खाल्ली. तवापासून ते कपाटात हाय.

आता तुझ्या कामाचं. मी नको म्हणावं म्हणतीस. मी म्हणणार न्हाई.

का ते ऐक. मागच्या आठवड्यात संगूनं त्याच्या वडलांना फोन केलता. मला ऐकू येत न्हाई म्हणून त्यांना. दोघं बापलेक कधी तुरीच्या भावापलीकडं बोलत न्हाईत, पण त्या दिवशी पाऊण तास बोलले. संगू म्हणला म्हणे, आप्पा, ती हसायचं विसरली. पोरगं बरं हाय, वजन वाढतंय, पण ही दिवसभर त्याच्याकडं बघत बसती आणि कुणी दार वाजवलं तरी दचकती. मामंजींनी हे मला सांगताना चष्मा पुसायच्या निमितानं तोंड फिरवलं. तुला कुठंतरी न्यावं म्हणून त्या पोरानं नावं दिलीत ग. त्याला बोलता येत न्हाई, लहानपणापासून तसाच हाय. बोलायचं सोडून काम करून मोकळा हुतो.

दुसरं. मी संगूला चाळीस दिवसाचा असताना एसटीनं माहूरला नेलं होतं. रेणुकादेवीच्या सगळ्या पायऱ्या चढले त्याला छातीशी बांधून. पण ते मी शहाणपणा म्हणून सांगत न्हाई. परत आल्यावर त्याला सर्दी झाली आणि आठ दिवस सासूनं माझ्यावर तोंड सोडलं. शिवाय संगू नऊ महिने भरून आलता, शिवांशचं तसं न्हाई. म्हणून आधी डॉक्टरला विचार. तो हो म्हणला तर जा.

आणि एक लिहू का नको करत पाचदा पेन ठेवलं. लिहितेच. ऑगस्टात मी नांदेडला आले तवा मला खोकला होता. तू म्हणलीस, आत्याबाई, तुम्ही आत येऊ नका. बरोबर म्हणलीस. मी पाच दिवस दाराच्या चौकटीत उभी ऱ्हायले. दुपट्यातून नातवाचे दोन पाय दिसायचे, तेवढे बघितले आणि लातूरला आले. त्यानंतर तू ये म्हणली न्हाईस आणि मी इचारलं न्हाई. हे गाऱ्हाणं न्हाई. खरं सांगायचं तर थोडं हाय. पण तू मनाला लावून घेऊ नको.

माझ्या बंगाऱ्याचा मुका घे. (बंगारा म्हंजे सोनं, माझी आई कानडीत असंच म्हणायची.)

लेकरासारखी जीव लावतीस, तसाच लाव.
आशीर्वाद,
बसम्मा


नांदेड
दि. ७ डिसेंबर २०२४

ती. सौ. आत्याबाई यांसी,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी राग आला. ह्यांचा, की माझ्याबद्दल लातूरला फोन करतात आणि मला काही बोलत नाहीत. मग तुमच्या दाराच्या चौकटीचं वाचलं आणि राग कुठच्या कुठं गेला. नुसती लाज उरली.

आत्याबाई, एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. शिवांश झाला त्याच्या आदल्या दिवशी मी स्टुलावर चढले होते. देव्हाऱ्यावर कोळ्यानं जाळं केलं होतं, ते काढायला. ह्यांनी तसं करू नको म्हणून बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी कळा सुरू झाल्या. तो पेटीत होता तेव्हा रोज काचेला हात लावून मी त्याची माफी मागायची. तिथल्या एका नर्सबाई म्हणाल्या होत्या, अशा बाळाला मोठ्यांचा साधा खोकलासुद्धा महागात पडतो. ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही. तुम्ही आलात आणि खोकलात, तेव्हा मला तुम्ही दिसल्याच नाहीत, फक्त खोकला दिसला. पुढं तुम्ही बऱ्या झाल्यावर बोलवायला हवं होतं. पण मी काय बोलले होते ते आठवून जीभ उचलेना. जितके दिवस गेले तितकं अवघड झालं.

काल शिवांशला लसीच्या डोससाठी नेलं, तेव्हा डॉक्टरांना स्टुलाचंही विचारलं. ते म्हणाले, स्टुलावर चढून बाळं लवकर येत असती तर दिवाळीच्या आधी सगळे दवाखाने भरले असते. मग पार्कचं विचारलं. शिवांशचं वजन सहा किलोच्या जवळ गेलंय, डोस सगळे झालेत. त्यांनी सांगितलं, उन्हात आणि ढोलताशाजवळ नेऊ नका, पाळण्यात बसवू नका, अंगावरचं दूध चालू ठेवा, आणि खुशाल जा. माझ्याकडे बघून म्हणाले, बाळापेक्षा तुम्हाला मोकळ्या हवेची गरज जास्त आहे.

म्हणून मी एक ठरवलंय. तुम्ही आमच्याबरोबर चला. नाही म्हणायचं नाही. तुम्ही आलात तर मी येईन, नाही तर मीही नाही. हे तिकिटाचं बघतात.

माझ्या चुका पोटात घाला.
तुमची
स्वप्नाली


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर
ता. १३ डिसेंबर

चि. सौ. स्वप्नालीस अ. उ. आ.

येते! येते म्हंजे येतेच.

मामंजी म्हणाले, ह्या वयात पाळण्यात बसणार का? मी म्हणलं, बसले तर तुमचं काय जातंय? मग म्हणाले, माझ्या जेवणाचं काय. त्यांची बहीण सिद्धम्मा आपल्याच गल्लीत हाय, तिच्याकडं चार दिवस जेवा म्हणलं. तिच्या भाकरी जाड असतात ही त्यांची जुनी तक्रार. चार दिवस जाड भाकरी खाऊन कुणी मेलेलं मी ऐकलं न्हाई.

सिद्धम्माला सांगितलं तर ती म्हणली, तिथं लुगडं चालतंय का पॅन्ट घालावी लागती ते आधी इचार. संगूला इचारून कळव. पॅन्ट असली तर मी खालीच बसते शिवांशला घेऊन.

शिवांशला घेऊन, असं लिहिलं आणि दोन मिनिटं त्या अक्षरांकडंच बघत बसले.

स्टुलाचं मनातून काढून टाक. मी नववा महिना लागेपर्यंत गिरणीत पोती मोजायला जात होते. ज्यानं त्यानं आपल्या घाईनं यावं. आमचा शिवांश घाईचा हाय, एवढंच.

दशम्या, शेंगाची चटणी आणि तुझ्यासाठी अळिवाचे लाडू करून आणते. तू काही करत बसू नको.

पोराला जप, स्वतःला त्याच्याहून जास्त जप.
बसम्मा


लातूर
ता. २१ डिसेंबर

चि. सौ. स्वप्नालीस अ. उ. आ.

हे पत्र आणि पिशवी आनंदराजच्या हाती देऊन राहिले. तो मिलचा हिशेबनीस, उद्याच्या गाडीनं नांदेडला सासरी चाललाय.

परवापासून मला खोकला झाला. मिलमधी नव्या तुरीची धूळ उडती, त्यानं म्हणा का थंडीनं म्हणा. सुंठ घेतली, काढा घेतला, डॉक्टरच्या गोळ्या चालू हायेत. ताप न्हाई. पण खोकला हाय. म्हणून मी येत न्हाई.

तू बोलवलंस, मी आले असं समज. मला तुझा राग न्हाई आणि मी रुसलेलीबी न्हाई. ह्या बारीला चौकटीत मी माझ्या मनानं उभी हाय, तू उभं केलेलं न्हाई. दोन्हीत लई फरक हाय.

तुझी अट मला ठाऊक हाय. आत्याबाई न्हाईत तर मीबी न्हाई. ती अट मी मोडून टाकली. तू जायचंस. सासूचा हुकूम समज. मी तुला एवढ्या वर्षांत कधी हुकूम केला न्हाई, हा पहिला.

पिशवीत लाल कुंची हाय. मीच शिवली, आतून मऊ सुती अस्तर लावलंय, दोनदा धुऊन कडक उन्हात वाळवली, आणि मला खोकला व्हायच्या आधी शिवली, घाबरू नको. कान झाकून बांध. लाडू तुझे हायेत, संगूला देऊ नको.

तिथलं सगळं बारीक लिहून पाठव. मी हितं बसून बघीन.

सुखरूप जा, सुखरूप या.
बसम्मा


हैदराबाद
दि. २९ डिसेंबर २०२४

ती. सौ. आत्याबाई यांसी,
शि. सा. न. वि. वि.

हॉटेलच्या खोलीत बसून लिहितेय. शिवांश पलंगाच्या मधोमध हातपाय पसरून झोपलाय आणि त्याचे वडील कडेला जेमतेम एका कुशीवर. बारीक लिहा म्हणालात, तर ऐका.

गाडीत मी खिडकीची जागा शिवांशसाठी पुसून घेतली, दोनदा. तिसऱ्यांदा पुसायला लागले तेव्हा ह्यांनी माझ्या हातातलं फडकं हळूच काढून घेतलं आणि आपल्या खिशात घातलं.  ह्यांच्या ऑफिसातल्या वैजनाथरावांची बायको ऋतुजा समोर बसली होती, ती म्हणाली, माझ्या मोठ्याच्या वेळी मी दाराच्या कड्यासुद्धा उकळायला निघाले होते. मी एकटीच अशी नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पार्कच्या दारात शिवांशच्या मनगटाला कागदी पट्टी बांधली. आत शिरताच समोर केवढा तरी मोठा प्लास्टिकचा हत्ती सोंडेतून पाणी उडवतोय. सगळी मुलं ओरडत धावली. आमच्या साहेबांनी हत्तीकडे ढुंकून पाहिलं नाही. खोट्या डोंगराकडे नाही, आगगाडीकडे नाही. तिथल्या जेवणघरात वर पंखा फिरत होता, तो मात्र पाऊण तास डोळे मोठे करून पाहिला. हे म्हणाले, असा पंखा तर आपल्या घरी पण आहे. मग मला हसू फुटलं. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही हत्तीच सोंड उचलून आत आला.

पण दुपारी घोटाळा झाला. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून मिरवणुकीच्या रस्त्यापासून आम्ही लांब बसलो होतो. मिरवणूक नेमकी वळून आमच्याच बाजूला आली. ढोल वाजले आणि शिवांश जो किंचाळला, तो थांबेचना. कुंची घट्ट धरून मी पळाले. तिथं बाळांना पाजायची वेगळी खोली आहे, पुरुषांना आत सोडत नाहीत, हे बाहेरच राहिले. आत गेले तर त्यानं सगळं दूध उलटून टाकलं. त्याच्या अंगावर, माझ्या अंगावर, पिशवीवर. पिशवीची चेन उघडेना. वाटलं, झालं, मीच याला इथं आणलं, आता काही झालं तर.

कोपऱ्यात एक म्हातारी बाई बसली होती. झहीराबादकडची, तेलुगू आणि हैदराबादी हिंदी मिसळून बोलणारी. तिची नात शेजारी झोपली होती. ती उठली, बेसिनला हात धुतले, आणि मला काही न विचारता शिवांशला माझ्याकडून घेतलं. म्हणाली, तू पहिले कपडे बदल अम्मा, हा कुठं पळून जात नाही. आत्याबाई, मी त्याला दिलं. कोण कुठली बाई, आणि मी दिलं. तिनं त्याला पालथं खांद्यावर टाकलं, पाठीवर थापटलं, तो गप्प झाला. मी पदर धुऊन वळून बघते तर तो तिच्या नाकातल्या चमकीकडे हात करून हसत होता. नुसतं ओठ हलवणं नाही, खदखदून, आवाज काढून. त्याचं पहिलं असं हसू. मी तिथंच बाकावर बसून रडले. ती बाई म्हणाली, रडून घे, पण नंतर जेवून घे.

बाहेर आले, ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी शिवांशला घेतलं आणि म्हणाले, ऋतुजावहिनी आकाशपाळण्याच्या रांगेत उभ्या आहेत, तू जा. मी नको म्हणणार होते. पण पाय निघाले होते. पाळणा वर गेला तेव्हा मी इतकी ओरडले की ऋतुजाचा कान दुखला असेल. वरून माणसं मुगाएवढी दिसत होती. त्यातला लाल ठिपका मात्र मला लगेच सापडला. तुमची कुंची. पाच महिन्यांत मी त्याच्यापासून इतकी लांब पहिल्यांदाच गेले होते. तो तिथं खाली होता, बापाच्या हातात, आणि ठीक होता. मी वर होते, आणि मीही ठीक होते.

आणि तिथंच मनात आलं. ज्या बाईचं नावही मला ठाऊक नाही, तिच्या खांद्यावर माझं बाळ हसलं. आणि त्याच्या सख्ख्या आजीनं अजून त्याचे पाय सोडून काही पाहिलेलं नाही. खाली उतरले तेव्हा ह्यांना वाटलं मला चक्कर आली. मी म्हणाले, परतीची तिकिटं बदला. नांदेडला नाही, सरळ लातूरला जायचं. हे म्हणाले, आईचा खोकला? मी म्हणाले, मामंजींना फोन करून विचारा. मामंजी म्हणाले, चार दिवस झाले, खोकला पार गेला, आता नुसती घरभर चिडचिड करत हिंडतेय. त्यांना मी शपथ घातली आहे, तुम्हाला सांगायचं नाही.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. उद्या दुपारी तुमच्याच हातात देईन. तोंडानं एवढं सगळं मला सांगता येणार नाही आणि तुम्हाला ऐकू येणार नाही.

तुमच्या पायांपाशी,
स्वप्नाली


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर
ता. ८ जानेवारी २०२५

चि. सौ. स्वप्नालीस अ. उ. आ. चि. शिवांशला आजीचे हजार मुके.

तुम्ही नांदेडला सुखरूप पोचल्याचं मामंजींनी सांगितलं. तू हातात दिलेलं पत्र मी तुम्ही गेल्यावर वाचलं. तुम्ही असताना वाचायला वेळ कुणाला होता?

त्या बाईचं वाचून मला वाईट वाटंल असं तुला वाटलं असणार. खरंच सांगते, आधी वाटलंच. पहिलं हसू तिला मिळालं. मग इचार केला, तिनं त्याला घेतलं नसतं तर तू लातूरचं तिकीट काढलं नसतंस. तिचं भलं होवो. नाव इचारलं असतंस तर बरं झालं असतं, मी सिद्धेश्वराला तिच्या नावानं नारळ फोडला असता. आता नाव न घेता फोडला.

त्या दिवशीचं तुला माझ्या बाजूचं सांगते. मी वट्यावर तुरीची डाळ निवडून राहिले होते. मामंजी सकाळपासून तीनदा दाढी झाली का बघायला आरशापुढं गेलते, तवाच मला संशय यायला पाहिजे होता. रिक्षा थांबली ती मला ऐकू आली न्हाई. मान वर केली तर फाटकात तू, आणि तुझ्या खांद्यावर लाल कुंची. खोकला जाऊन आठवडा होत आलता, तरी माझा हात आपोआप पदराकडं गेला. तोंडाला पदर लावला आणि उठून मागं सरले. दारापर्यंत. पाठ चौकटीला लागली.

तू चप्पल काढलीस. पाय धुतले न्हाईस, पाणी मागितलं न्हाईस. सरळ आलीस, माझ्या तोंडावरचा पदर तुझ्या हातानं खाली केलास आणि पोर माझ्या हातात दिलंस. तू काहीतरी म्हणलीस. यंत्र कपाटात होतं, मला ऐकू आलं न्हाई. काय म्हणलीस ते इचारणारबी न्हाई. माझ्या मनात मी जे ऐकलं ते मला पुरे हाय.

किती हलकं ग ते! आणि किती गरम. मला वाटलं होतं नातू लाजंल, रडंल. त्यानं माझ्याकडं दमानं बघितलं आणि माझ्या नव्या लुगड्यावर मुतला. न्हाई, लुगडं जुनंच होतं. पण मी सिद्धम्माला नवं सांगितलं, त्यानं गोष्टीला शोभा येती.

मग माझ्या मांडीवर झोपला. तू आतल्या खोलीत जरा आडवी होते म्हणून गेलीस. दुपारचा एक वाजला होता. शिवांशनं दोन तास मांडी सोडली न्हाई आणि मी हलवली न्हाई. पायाला मुंग्या आल्या, मग पाय हाय का न्हाई तेच कळंना. भूक लागली तर मामंजींनी ताट आणलं आणि भाकरीचे घास करून मला भरवले. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा! घास केवढाले, माझ्या तोंडात मावंनात. संगूनं मोबाइलवर फोटो काढला. तो फोटो त्यानं कुणाला पाठवला असंल तर त्याला सांग, मी त्याची आई हाय.

मधी तो जागा झाला. संगूनं तुला उठवायला पाय उचलला. मी डोळ्यानंच थांब म्हणलं. तू काढून ठेवलेलं दूध वाटीचमच्यानं मी पाजलं, थोडं थोडं. निम्मं माझ्या हातावर सांडलं. पुन्हा झोपला.

साडेपाच वाजता तू बाहेर आलीस. केस इस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. साडेचार तास झोपली होतीस. मी वाटच बघत होते, आता धावंल, पोर कुठं हाय इचारंल, श्वास बघंल, वही काढंल. तू दारात उभी ऱ्हाऊन लांबलचक जांभई दिलीस, आणि म्हणलीस, आत्याबाई, चहा हाय का?

हे मात्र मला स्पष्ट ऐकू आलं.

चहा तुझी वाट बघतो, कधीबी ये.
तुझी
बसम्मा